जरा उजळ काढा

गिऱ्हाइकाला मी तोंडावर सांगतो, "गोरं करून मिळणार नाही." त्यावरून हसता ना मला? मग ऐका की.

गेल्या साली मंगळवेढ्याचा एक बाप लेकीला घेऊन माझ्या स्टुडिओत आला. स्थळाला पाठवायचा फोटो. पोरगी छान सावळी, गालावर तीळ. उजेड मोजायचं मीटर किती उजेड घ्यायचा ते बरोबर दाखवत होतं, पण बाप म्हणाला, "सायेब, जरा उजळ काढा. फोटो बघूनच स्थळं माघारी जात्यात."

मी मीटर सोडून चौपट उजेड घेतला. चेहरा पिठासारखा पांढरा. बाप खूश. पोरगी फोटो बघून म्हणाली, "माझा तीळ कुटं गेला?"

यंदा बाप एकटाच आला. पोरगी डेंग्यूनं गेली होती.

"त्योच फोटो भिंतीवर लावायला मोठा करा, दुसरा न्हाय. पण आधी तिला सावळी करा. तिची आई म्हणती, ही आपली न्हाय."

मी तासभर कंप्युटरवर बसलो. उजेडानं खाल्लेलं परत येत नाही. गडद केलं की चेहरा राखेसारखा दिसायचा. शेवटी त्यानंच माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. तीळ तेवढा पेननं लावा," म्हणाला, आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून जागा दाखवली.