शिट्ट्या मोजणारं मशीन

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधला सचिन म्हणजे घरगुती शास्त्रज्ञ. बायकोने एवढंच सांगितलं होतं, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर." पण साहेबांना मोजणं कमीपणाचं वाटलं. चिपला माइक आणि बझर जोडून त्यांनी शिट्ट्या मोजणारं मशीन बनवलं आणि कौतुक करायला आम्हाला जेवायला बोलावलं.

बझर वाजला. त्याने ऐटीत गॅस बंद केला. ताटात कच्चा भात.

तिन्ही शिट्ट्या शेजारच्या काकूंच्या कुकरच्या होत्या, यांच्या कुकरची एकही झाली नव्हती.

"देवाने कान कशाला दिलेत रे?" बायको म्हणाली.

"कोडमध्ये बग आहे," हा म्हणाला.

तेवढ्यात काकू दारात. "सचिन, तुझा बझर ऐकून गॅस बंद केला, डाळ झकास शिजली. उद्या छोले आहेत, पाच शिट्ट्यांवर लावून ठेव."