सासऱ्याले उभं करनं

कोनी इश्वास ठेवला नाई हो माह्यावर, एकानंबी नाई! मी म्हनो, मामाजीले आजच उभं करा लागते, आन् घर माह्याकडे असं पाहे, जशी मी म्हाताऱ्याले वखराले जुंपून राह्यली!

तुमाले सांगते, मामाजी म्हंजे माहे सासरे, अण्णाजी. सकाळी आंगोळीले बसले न् डावी बाजू गेली. लकवा! बैलबंडीत टाकून जामच्या फाट्यावर आनलं, तिथून यष्टीनं वर्धा. तिथल्या दवाखान्यात व्यायाम शिकवनारी बाई होती, पोरगीच, पन खमकी. चौथ्या दिवशी म्हने, "यांना उभं करा, रोज धरून चालवा. पडून राहिले तर पाय कायमचा आळशी होईल. घरी कोण करणार?" आमचे हे चपला पाहून राह्यले, दीर छत पाहून राह्यला... म्हटलं, "मी करते, बाई."

घरी आलो त् पाहाले येनाऱ्याइची रांग! आपल्याकडे बिमार मानूस झोपलेलाच दिसला पायजे, नाई त् येनाऱ्याचा फेरा वाया जाते ना! मी मामाजीले उभं करो, की दारात देवकाबाई, "अवो कोकिळे, पडून राहू दे बिचाऱ्याले!" केलं आडवं. ते गेली, मी पुन्हा उभं करो, की महादेवराव हजर, "पडून राहू दे बिचाऱ्याले!" पुन्हा आडवं. बंडूजी मालिशवाला कबुतराच्या रक्ताचं तेल घेऊन आला, तोबी तेच, "एक्केचाळीस दिवस हालवू नका, पडून राहू द्या बिचाऱ्याले!" बिचाऱ्याले कोनी इचारलं?

आन् माही पंचाईत पाहा! पंचवीस वर्सं ज्या मानसापुढे तोंड उघडलं नाई, त्याच्या कमरेले जुन्या लुगड्याचा पट्टा बांधून मी वरडून राह्यली, "उचला मामाजी, डावा उचला!" एका हातात सासरा, दातात पदर! पदर दातात धरून "डावा उचला" म्हनून पाहा बरं... वरडता वरडता पदर सुटला. मामाजीचं तोंड वाकडं, आठ दिवसात शब्द नाई फुटला, आन् पयला शब्द काय काढला? "प... पदर घे!"

पन एका दुपारी घरात कोनी नोयतं. मामाजीनं माहा हात धरला. म्हने, "कोकिळा... परसाकडे तरी... माह्या पायानं जाऊ दे वं." डोळ्यात पानी. मंग काय! दाराले आतून कडी घातली. भायेर गाव बोंबलून राह्यलं, "मारून राह्यली म्हाताऱ्याले!" आत आमी खाटेपासून चुलीपरेंत, चुलीपासून मांगच्या आवारातल्या हिरीपरेंत... महिन्यानं मामाजी काठी घेऊन एकटे परसाकडे जाऊन आले!

गाव काय म्हने? "बंडूजीच्या तेलाले गुन आला!" बंडूजीले नारळ, बंडूजीले धोतरजोडा. म्हटलं, अन् मी का पट्टा धरून झोके खेळत होती? "तू काऊन बोलतं वं, तेल का तू लावलं?"

बरं. मंग एका सकाळी मामाजी गायब! हिरीत वाकून पाह्यलं, वावर पाह्यलं, पत्ता नाई. सांजेले कारंज्याहून ट्रकवाल्यानं निरोप आनला, म्हातारा माह्या नंदेच्या घरी मजेत जेवून राह्यला. एकटा जामपरेंत चालत गेलता, आन् यष्टीत बसलाबी! आमचे हे अंगनात रागानं नाचून राह्यले, "बुढ्याले एवढं चालता केलं तरी कोनं?" तुमाले सांगते, सारं गाव जमलं होतं, तेलवाला बंडूजीबी होता. कोनी तेलाचं नाव काढलं नाई. साऱ्याइनं एका दमात माह्याकडे बोट केलं... कोकिळानं!