बुधवारी तीन ते पावणेपाच

नाही गं बाय, टेबलावर नव्हती ठेवली डबी. चष्म्यालाच होती — तू इथे दवाखान्यात लावून दिलीस तशीच, उजव्या काडीला. अंघोळ आणि झोप सोडून दहा दिवस काढायची नाही म्हणालीस, नाही काढली. माणूस किती लांबचं बघतो, किती जवळचं, ते ही मोजते, आणि त्यावरून मोतीबिंदू काढल्यावर कुठलं भिंग बसवायचं ते डॉक्टर ठरवतात — बरोबर ना? शाळा चौथीपर्यंत, पण सांगितलेलं ऐकतो मी.

तुझ्या कागदावरच्या रेघेत बुधवारी तीन ते पावणेपाच एकच अंतर, वीतभर, आणि डोकं हललं नाही — म्हणून तुला वाटलं, काढून ठेवली असणार. वाटणारच. इतका वेळ न हलता कोण बसतो? मी बसलो होतो. प्रेमाकडे बघत. माझी बायको. वर्षभर अंथरुणाला, वाचा गेलेली — अगदी तोंडाशी तोंड नेल्याशिवाय मला तिचं कळायचं नाही. ओठ हलले की पाणी, भुवई वर गेली की कूस बदलायची. विक्रोळीला कंपनीत पस्तीस वर्षं कपाटांना रंग मारला, कुठे ठिपका राहिला तर लांबून ओळखायचो — आणि आता हे असं, सगळ्यावर साय धरल्यासारखं. भिंग तिच्यासाठीच तर बसवायचं होतं.

तीनला पेज भरवली. चार चमचे घेतले, मग डोळे मिटले. म्हटलं, लागली झोप, लागू दे — रात्रभर कण्हत होती बिचारी. चेहरा इतका निवांत किती दिवसांनी दिसला — म्हणून बघत बसलो. श्वास दिसत नव्हता. पण मला एरवी तरी कुठे दिसायचा?

पावणेपाचला सून आली कामावरून, विनिता. तिने कपाळाला हात लावला. मग मला विचारलं, बाबा, पाणी घातलंत ना तोंडात? आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालतात — जीव असताना. मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो? आणि मुलगा आला, सुबोध, तर माझे हात धरून रडला. म्हणाला, तुमच्या हातचं पाणी तरी मिळालं आईला. तेच सांगतो सगळ्यांना, तेराव्यालाही सांगत होता. त्यावरच तग धरून आहे तो.

तुलाही सांगायचं नव्हतं खरं तर. पण तू विचारलंस, म्हणून सांगितलं. त्यानंतरचं सगळं लांबचंच आहे ना गं त्यात? असणार.

या रेघेत दिसतं का — झोप कुठे संपली आणि… नाही? बरं. बरंच झालं.

एक कर, हा कागद सुबोधच्या हातात देऊ नकोस. बाहेर फॉर्म भरतोय. शिकलेला आहे, वेळ वाचता येते त्याला — मी पाण्याला उठलोच नाही, कळेल. त्याची आई पावणेपाचला गेली, पाणी पिऊन गेली — तसंच राहू दे.

ये रे सुबोध. काही नाही, ताई विचारत होत्या, भिंग जवळचं की लांबचं. लांबचं टाका म्हटलं, जवळचं काय बघायचंय मला आता. — तो होय? तो त्यांचा कागद आहे. ठेव तिथेच. चल.