फाईलच्या पोटात

वडील : ...पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आहे. मग पी, डी, एफ. मग आडवी रेघ, एक, टिंब, चार. त्याच्या खाली नुसता कचरा. चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम.

मुलगी : बाबा, ते वाचत बसू नका. मागे जा आणि दुसरा नकाशा उघडा.

वडील : हा पाचवा आहे. पाचही असेच. मी नकाशा मागतोय आणि हा टॅबलेट मला रद्दी वाचायला देतोय.

मुलगी : पाचही? नक्की?

वडील : चष्मा लावलाय मी.

फोरमन : ताई, मी पंपहाऊसचा फोरमन. अण्णांचा फोन स्पीकरवर ठेवलाय, माझा मघाशी पाण्यात गेला.

मुलगी : मला फक्त एवढंच कळलंय की दादा अडकलाय. कुठे? कसा?

फोरमन : खाली बोगद्यात जाळी साफ करायला उतरला होता. त्याच्यामागे पाइप फुटला. पाण्याच्या दाबानं लोखंडी दार बसलं ते बसलंच. सहा जणांनी जोर लावला, तसूभर हलत नाही. पाणी मघाशी कमरेला आहे म्हणाला. हवेच्या नळीतून ओरडून सांगत होता. आता ओरडत नाही, पान्यानं नळीवर ठोकतो. दर मिनिटाला तीन ठोके.

मुलगी : मग पाणी बंद करा ना आधी!

फोरमन : मी काय इथे हवा खायला उभाय का, ताई? तलावाचं पाणी उतारानं येतंय, पंप बंद करून त्याला काय फरक पडतो? मोठी झडप गंजलीय. चाक फिरवायला गेलो तर दांडाच हातात आला. अग्निशमनवाल्यांना यायला पाऊण तास. तेवढा वेळ नाही त्याच्याकडे.

वडील : दुसरी झडप आहे. जमिनीखाली. तिचा नकाशा मीच काढला होता. वर आता सगळं काँक्रीट झालंय.

फोरमन : आणि ती खांबापासून किती फुटांवर आहे, ते अण्णांना आठवेना. अंदाजानं फोडायला गेलो आणि ब्रेकर मुख्य पाइपवर बसला, तर मीच त्याला बुडवल्यासारखं होईल.

वडील : साडेचार हजार नकाशे काढलेत मी. कागद असता तर दोन मिनिटांत हाताला लागला असता. कागद तुम्ही लगद्याला पाठवलेत.

मुलगी : मुख्य ऑफिसनं पाठवले, बाबा.

वडील : "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, कागदाला वाळवी लागते" हे मला मुख्य ऑफिसनं नव्हतं सांगितलं.

फोरमन : अण्णा, हे घरी जाऊन.

मुलगी : नाही, बोलू दे त्यांना. माझंच आहे हे. आत्ता आलं माझ्या लक्षात. देवा रे. मंगळवारी मीच केलंय हे.

वडील : काय केलंस?

मुलगी : बाबा, सर्व्हर कुठलीही फाईल पाठवतो ना, तेव्हा आधी एक ओळ पाठवतो. आत चित्र आहे, की मजकूर, की आणखी काही. पाकिटावर लिहितात तसं. टॅबलेट ती ओळ वाचतो आणि त्याप्रमाणे फाईल दाखवतो. मी लिहिलेलं आपलं नकाशांचं अ‍ॅप ती ओळ फाईलच्या नावावरून लिहितं. नावात शेवटच्या टिंबानंतर काय आहे ते बघून.

वडील : माझ्या नावांत तारखा आहेत. पाच, टिंब, सहा, टिंब, अठ्ठ्याऐंशी.

मुलगी : तेच तर. अ‍ॅपला टिंबानंतर अठ्ठ्याऐंशी दिसतं. अठ्ठ्याऐंशी असा काही प्रकारच नसतो. मग पाकीट कोरंच जातं.

वडील : आणि दोन वर्षं चाललं ते?

मुलगी : टॅबलेट स्वतःच आत डोकावून अंदाज बांधायचा, म्हणून चाललं. सुरक्षा तपासणीवाले म्हणाले, हे अंदाज बंद करा, त्यातून एखादी लबाड फाईल आत शिरेल. बरोबरच होतं त्यांचं. मंगळवारी मी मुख्य ऑफिसला सांगून बंद करून घेतलं. आता पाकीट कोरं असलं की टॅबलेट त्याला मजकूर समजतो. मी एकच फाईल उघडून पाहिली होती, बाबा. माझीच. तिचं नाव नीट होतं.

फोरमन : मग करा की परत चालू! काय ती एक ओळ!

मुलगी : ती मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर आहे. तिथला माणूस जेवायला गेलाय, सहा वेळा लावला, उचलत नाही. माझ्या हातात फक्त अ‍ॅप आहे.

फोरमन : जेवायला! ह्याला म्हणतात मुहूर्त. बरं, तुमच्याकडे उघडतात ना नकाशे? तुम्ही बघा आणि आम्हाला सांगा.

मुलगी : उतरवून, नाव बदलून एकेक उघडता येईल. पण साडेचार हजारांतला कुठला? बाबांनी बघितल्याशिवाय कसं कळणार? आणि बाबांचा फोन बटणांचा, तुमचा पाण्यात, त्या टॅबलेटवर आपल्या अ‍ॅपशिवाय काही उघडत नाही. मी पाठवू कशावर?

फोरमन : माझी बाकीची माणसं खाली दाराशी आहेत. तिथे रेंज नाही.

मुलगी : थांबा. मी अ‍ॅपला सांगते, नाव ओळखीचं नसेल तर पाकिटावर सरळ "चित्र" असं लिही. बाबांनी स्कॅनच केलेत सगळे, चित्रंच असणार. लिहायला एक मिनिट, चढवायला दोन.

फोरमन : तीन मिनिटं. ठीक आहे. आत्ताच ठोकलं त्यानं. तीन.

वडील : मीही ठोकतो. त्याला कळू दे आम्ही आहोत.

मुलगी : बाबा, तोवर आठवा. कुठलं साल? साल कळलं तरी शंभरावर येऊ आपण.

वडील : पाऊस संपून उकाडा सुरू झाला होता. हाताचा घाम कागदाला लागायचा, शाई फुटायची. आणि त्या दिवशी... हां.

मुलगी : काय?

वडील : तुझ्या दादाचा जन्म झाला त्या दिवशी मी हाच नकाशा काढत होतो. हीच झडप. तुझी आई दवाखान्यात आणि मी टेबलावर. नंतर जन्मभर ऐकलंय मी ते.

मुलगी : बाबा! मग तारीखच मिळाली की! फाईलचं नावच ते!

वडील : हो.

मुलगी : सांगा मग, टाईप करते.

वडील : मला नाही आठवत तारीख.

फोरमन : पोटच्या पोराची?

वडील : ती सगळं लक्षात ठेवायची. मी फक्त संध्याकाळी घरी यायचो आणि गोड खायचो. ती गेल्यापासून कुणी... मला वाटतं ऑक्टोबर. नव्वद का एक्क्याण्णव.

मुलगी : सतरा दहा एक्क्याण्णव.

वडील : सतरा.

मुलगी : दरवर्षी त्या दिवशी रात्री तो मला फोन करून विचारतो, बाबांचा फोन आला का तुला? चुकून मला लावला असेल म्हणून. हसत विचारतो. चढलं! अ‍ॅप चढलं, बाबा. उघडा. सतरा, टिंब, दहा, टिंब, एक्क्याण्णव.

वडील : थांब, दाबतो. हा. फिरतंय चक्र. फिरतंय.

मुलगी : आलं?

वडील : कचरा गेला. पण नकाशा नाही. मधोमध एक छोटा चौकोन आहे, फाटलेल्या फोटोसारखा. बाकी पांढरं.

मुलगी : असं कसं? दुसरा उघडा कुठलाही.

वडील : पाच सहा अठ्ठ्याऐंशी. आला! हा स्वच्छ आला, माझी सहीसुद्धा दिसतेय. पण हा नाही लागत.

मुलगी : मग सतरा तारखेचाच का नाही? हाच का, देवा!

फोरमन : ताई, एक मिनिट होऊन गेलं. ठोके आले नाहीत.

मुलगी : काय?

फोरमन : अण्णा, तुम्ही ठोका जरा. जोरात.

(नळीवर लोखंडाचे तीन आवाज. मग काहीच नाही. मग अगदी हलके दोन.)

फोरमन : आले. दोनच आले. पाणी खांद्याला लागलं असणार, हात वर धरून ठोकतोय तो.

मुलगी : मला काही सुचत नाहीये, बाबा. मला भीती वाटतेय. मी बसल्या जागी त्याला मारतेय.

वडील : ऐक. माझ्याकडे लक्ष दे. मघाशी मी वाचत होतो आणि तू मला गप्प केलंस. त्या पाचव्याची सुरुवात बाकी चारांसारखी नव्हती. चारांत पहिल्याच अक्षरावर दोन टिंबं होती, तेच अक्षर दोनदा. पाचव्यात टक्का होता. टक्का, पी, डी, एफ.

मुलगी : टिंबंवाले म्हणजे चित्र, टक्केवाला पीडीएफ! पाचवा मोठा कागद होता का?

वडील : हो, दुप्पट. मोठे कागद मशीनमध्ये मावत नव्हते. दोन तुकड्यांत स्कॅन केले आणि मशीननंच जोडून दिले. झडपेचा कागदही मोठाच होता.

मुलगी : बाबा, म्हणजे जोडलेले सगळे पीडीएफ आहेत. ते चित्र नव्हेतच! आणि मी पाकिटावर चित्र लिहून बसले. नावावर जायचंच नाही आता. प्रत्येक फाईलच्या पोटात अगदी सुरुवातीला खूण असते, तुम्ही वाचली तीच. अ‍ॅपला ती वाचायला लावते. टक्का पीडीएफ असेल तर तसं लिही, नाहीतर चित्र. चार ओळी आहेत.

फोरमन : लिहा, लिहा. मी बोलत नाही.

मुलगी : लिहितेय. एक... झालं. चढवते. दोन मिनिटं. तोवर सतरा तारखेची माझ्याकडे उतरवून उघडते. उघडली. बाबा, ह्यात नुसत्या रेघा आहेत. आकडे शेकड्यानं.

वडील : डावीकडे खाली तीन जाड ठिपके दिसतात का? ते खांब.

मुलगी : ठिपके चार आहेत. की पाच? एकावरून रेघ जाते, तिच्यावर चार फूट लिहिलंय. दुसऱ्या बाजूला सहा फूट दोन. कुठला घेऊ? बाबा, मी चुकीचा सांगितला तर?

वडील : मग सांगू नकोस. माझ्या डोळ्यांना दिसू दे.

फोरमन : एकच ठोका आला.

मुलगी : चढतंय. नव्वद टक्के. चढ ना बाई, चढ. झालं! बाबा, उघडा!

वडील : सतरा. दहा. एक्क्याण्णव. फिरतंय. फिर... आला.

मुलगी : आला?

वडील : आला. माझाच. मोठं करतो. लिहा, फोरमन. दुसऱ्या खांबाच्या पूर्वेच्या कडेपासून सहा फूट दोन इंच. भिंतीपासून तीन फूट. खोली अडीच फूट. झडप डावीकडे फिरवली की बंद होते. डावीकडे, उजवीकडे नाही. इतरांपेक्षा उलटी आहे, मी बाजूला लिहून ठेवलंय.

फोरमन : बरं झालं लिहिलंत, मी उजवीकडेच फिरवली असती! ए, ब्रेकर आणा रे! दुसरा खांब! टेप धर, टेप!

मुलगी : बाबा, फोन ठेवू नका.

वडील : नाही ठेवत. फोडतायत. ऐकू येतंय ना?

मुलगी : येतंय. ठोके?

वडील : ह्या आवाजात कळत नाहीत. मी नळीला हात लावून उभा आहे. हाताला कळतील.

मुलगी : कळले?

वडील : अजून नाही.

मुलगी : बाबा.

वडील : बोलू नकोस जरा. ...झडप लागली. चाक आहे, शाबूत आहे. ग्रीस भरून झाकून ठेवायला लावली होती मी तेव्हा. फिरतंय. डावीकडे, अरे डावीकडे!

मुलगी : पाणी?

वडील : फोरमन खाली पळालाय. ...ह्या नकाशाची चौकट अपुरी आहे.

मुलगी : काय?

वडील : चौकट. नकाशा झाला की शेवटी मी चारी बाजूंनी चौकट काढतो. ह्याला तीनच बाजू आहेत. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा उठलो असणार.

मुलगी : आई म्हणायची, बाबा काम संपवून आले.

वडील : मलाही तसंच वाटत होतं. ती म्हणायची म्हणून.

फोरमन : अण्णा! पाणी थांबलं! दार थोडं सुटलंय, पहार घातलीय! हात दिसतोय त्याचा!

मुलगी : हात हलतोय का? बाबा, हात हलतोय का, विचारा ना!

वडील : हलतोय म्हणतो. पाना सोडत नाहीये म्हणतो.

मुलगी : (रडते.)

वडील : रडू नकोस. म्हणजे, रड. बाहेर काढलं त्याला. थंडीनं निळा पडलाय, उभा राहता येत नाहीये, पण उचलणाऱ्या दोघांना शिव्या देतोय. मी जातो त्याच्याकडे.

मुलगी : जा, बाबा. जा.

वडील : एक मिनिट. ती तारीख परत सांग बरं. ह्या वेळी लिहून घेतो.