एकशेसतराचा खिळा

—तसं नाही जगदीश, आधी कोळशाची खान समजून घ्या लागते, मंग तुह्या बापाचं. उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाही ते. बस त्या खाटेवर. दूध फाटलं सकाळी, कोराच पी आता. एकट्या मानसाच्या घरी दूध फाटतंच, काय करता. तर तू जळगावच्या दवाखान्यातून निघाला — माय तिथं सलाईनवर — आन् तिनं तुले बोदवडले धाडलं, का जाय, गिरधरभाऊले विचारून ये, हे हायेत का गेले, कुंकू ठेवू का पुसू. मोगराबाईनं असं सरळ कधी विचारलं नव्हतं मले. सक्रांतीले गावात गेलो का दारात येऊन विचारे, भाऊ, कुठी दिसले का? मी म्हने, नाही वहिनी. ते काही खोटं नव्हतं. नव्हताच दिसला मले. चौतीस वर्षं दरसाल तेच विचारनं, तेच सांगनं. आता मरायले टेकली तवा असं विचारते. सांगतो ना — पळून चाललो का मी? पन खान आधी.

बहात्तरच्या दुष्काळात आमी गेलो. मी आन् उखा, तुहा बाप. गावात जनावरांले पाला राह्यला नव्हता. एक ठेकेदार आला, म्हने चांद्याकडं चला, वर्धा नदीच्या काठी कोळसा हाये. कोळसा म्हंजे काय, तो आगगाडीत पाह्यला व्हता तेवढाच. मोठी खान पल्याड, नदीच्या अंगाले. आमची ल्हान. बठ्ठे, सारेच, तिले धाकटीच म्हनत. नाव दुसरं व्हतं कागदावर, पन ते साहेबलोकांच्या तोंडी. दोनशे मानूस भरत नव्हतं तिच्यात. गोंड व्हते, बिलासपुरी व्हते, तेलुगू व्हते. आमी खानदेशी दोनच. कोनाले आमचं बोलनं समजे ना, त्यायचं आमाले. रात्री खोलीत तुहा बाप मुद्दाम मोठ्यानं बोले — गिरध्या, वांग्याचं भरीत खावासं वाटते रे. हिरव्या वांग्याचं, काड्यांवर भाजलेलं. शेजारचा बिलासपुरी भिंत वाजवे. आमी हासत राहो. पुढच्या साली खान सरकारी झाली, टोपलीनं कोळसा वाहनं बंद झालं, डोक्यावर बत्ती आली, पायात बूट आले. बायका आधी वरती टोपल्या वाहत, त्या घरी बसल्या. माही सुंदरबाई म्हने, तुमी दिवसभर खानीवर, मी घरात कोंडलेली, यापरीस दुष्काळ बरा व्हता. गेली बिचारी. पोरगा सुरतले हाये, फोन करते दिवाळीले. तर ते जाऊ दे.

काय पाहून राह्यला तिकडं? ते? काही नाही. बिल्ला हाये, पितळी. खानीतला. माहाच म्हन. चहा घे ना.

बरं, मले बत्तीघरात घातलं. चौथी शिकेल व्हतो ना, आकडे वाचता येत. तुह्या बापाले पंपावर घातलं, एकदम तळाले. खान पाझरत राहते जगदीश, पानी उपसत नाही राह्यलं तं दोन दिवसात विहीर होते तिची. तो खाली पंप चालवे, मी वर बत्त्या वाटो. आता हे नीट ऐक, ह्याच्यातच बठ्ठं हाये. बत्तीघरात एक मोठा फळा. त्याच्यावर खिळे. दर खिळ्याखाली नंबर. मानूस खाली चालला का खिडकीत येऊन त्याचा बिल्ला मले देणार, मी त्याले बत्ती देणार, बिल्ला खोक्यात टाकणार. वर आला का बत्ती परत, आन् मी बिल्ला खिळ्यावर टांगणार. म्हंजे खिळ्यावर बिल्ला हाये, तं मानूस वर हाये. खिळा रिकामा, तं मानूस खाली हाये. नाव नाही, गाव नाही, फक्त खिळा. साहेब असो का मजूर, खान फळा पाहून बोले.

आता तुहा बाप पंपवाला. पाळी सुटे चारले. बाकीचे साडेतीनपासूनच निघत. पंपवाल्याले तसं येता येत नाही — पंप थांबव, झडप फिरव, मंग ती चढन. त्याले वर यायले साडेचार होत. आन् हाजरीबाबू सव्वाचारले फळा पाहून वही मिटे. खिळा रिकामा दिसला का बोंब. रोज उखाच्या नावानं बोंब. मंग मी काय करो? माहाच मानूस ना. दोनच तं खानदेशी. चार वाजले का बाकीच्या बिल्ल्यायबरोबर त्याचाही टांगून टाको. एकशेसतरा. तो मागून सावकाश येई, मागच्या दारानं बत्ती ठेवे, आन् म्हने, आलो बर्का मी, फळ्यावर आधीच पोचलो व्हतो. रोज हेच म्हने. अठरा वर्षं असं चाललं. कोनाचं काही बिघडलं नाही. तूच सांग, बिघडलं का काही?

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. त्याले सुट्टी मंजूर झाली व्हती. पिशवी भरून माह्या खाटेखाली ठेवली व्हती, पाळी झाली का सहाच्या गाडीनं गावाले. मी चारले बिल्ला टांगला. आन् चार-दहाले खानीच्या तोंडातून वारं आलं. गरम नाही, थंड. मले अजून आठवते ते, मानेवर आलं. शेजारी इंग्रजाच्या वेळची जुनी खान व्हती, पान्यानं भरलेली. मधली भिंत फुटली. शेवटचे नऊ-दहा जन धावत वर आले, चिखलानं भरलेले; त्यायचे बिल्ले टांगले मी. मॅनेजर पळत बत्तीघरात आला, म्हने, फळा? त्यानं वरून खाली बोट फिरवलं. बठ्ठे खिळे भरलेले. बठ्ठे वर, म्हने. मानूस रडायले लागला, मॅनेजर. लोकांनी कालीमायपुढं नारळ फोडला. पेढे वाटले, जगदीश. मले पन दिला पेढा.

मी मागच्या दाराकडं पाहत व्हतो. हातात पेढा आन् नजर मागच्या दारावर. साडेचार झाले. पावनेपाच झाले. मले समजलं व्हतं. समजलं नाही असं म्हनत नाही मी. तवा बोलाचं व्हतं. एक वाक्य बोलाचं व्हतं, का साहेब, एकशेसतरा खाली हाये. तोंडात पेढा व्हता आन् ते वाक्य काही बाहेर येईना. मले जेल दिसलं. सुंदरबाईच्या पोटात पोर व्हतं, ते दिसलं. मी म्हनलं, पाच मिनिटं थांबू, येईनच तो. मंग अजून पाच मिनिटं. मंग अंधार पडला, लोक घरी गेले, आन् बोलाची वेळ निघून गेली.

हां, गेलाच असंन तो लगेच, असं तू मनात म्हनून राह्यला. मी बी असंच म्हनलं वर्षानुवर्षं. पन खानीच्या वरच्या गल्लीत, बोगद्यात म्हन, हवा अडकून राहते. दुसऱ्या एका खानीत चार दिवसांनी जित्ती मानसं काढल्याचं मी सोताच्या कानानं ऐकलं हाये. खिळा रिकामा असता तं मोठे पंप आले असते. फळा भरेल व्हता, म्हनून कोनी पंप आनला नाही. तिसऱ्या दिवशी खालची गल्ली विटांनी बांधून टाकली. मी उभा व्हतो तिथं. सिमेंट ओलं व्हतं.

बत्तीचं काय? व्हय. बरोबर विचारलं. बत्ती परत आली नाही तं तिची जागा रिकामी दिसणारच ना. तुले लक्षात आलं, तवा कोनाच्या आलं नाही. मी भंगारातली एक फुटकी बत्ती पुसून त्या जागेवर ठेवली. रात्रीच. म्हंजे बिल्ला टांगला ती चूक झाली म्हन, माया झाली म्हन. बत्ती मी ठेवली. ती चूक नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं विचारलं, पंपवाला दिसत नाही. मी म्हनलं, गावी गेला साहेब, पोळ्याले, पिशवी घेऊन गेला. पिशवी माह्या खाटेखाली व्हती. तीन महिने तिच्यावर झोपलो मी. मंग एक दिवस चुलीत घातली. तिच्यात एक सदरा व्हता, निळा, तुह्या मापाचा. पाच-सहा वर्षांचा असशीन तू.

बस. बस ना. मारायचं असंन तं मार, पन पुरतं ऐकून मार.

पुढचं तुले माह्यापरीस जास्ती माहीत. उखा गावी पोचला नाही, खानीतून वर आल्याची निशानी फळ्यावर, मंग लोक काय म्हननार? पळाला. चांद्याकडची बाई ठेवली. मोगराबाईले हळदीकुंकवाले कोनी बोलावत नव्हतं, टाकलेली म्हनून. तुह्या सोयरिकीत बी तेच निघालं ना? पोराचा बाप पळपुटा हाये. मी तवा मांडवात जेवलो तुह्या लग्नात. बुंदी वाढत व्हता तू. अन् तुही माय वडाले फेऱ्या घाले दर जेष्ठात, त्याच्यासाठी. मी बोदवडले खोली घेतली ती ह्याच्यासाठी, का गावात राहता येईना अन् गावापासून लांबही राहता येईना. दिवसभर कोळशाच्या मालगाड्या जातात इथून भुसावळकडं. मी डबे मोजत नाही. नुसता बसतो. तुले वाटंन म्हातारं झोपलं. झोप कुठी हाये मले.

खान बंद पडली तवा भंगारवाल्यानं फळा नेला. त्याच्या आधी मी हा बिल्ला काढून आनला. वाच ना. वाच नंबर. माहा नऊ व्हता. हा नवाचा हाये का?

घरी आलो आन् खिळा ठोकून टांगला. दाराजवळ. म्हंजे तो वर हाये. रोज उठून पाहो, बिल्ला हाये खिळ्यावर, उखा वर हाये, कुठी तरी हाये, भरीत खात असंन. असं मी मले समजावत राह्यलो. मानूस सोताले काय बी समजावते.

थांब, मी काढतो. तुहा हात नको लावू आधी. टांगला मी व्हता.

हे घे.

मोगराबाईले सांग, गिरधरनं निरोप दिला. तो तिले टाकून कुठी गेला नाही. त्याची सुट्टी मंजूर झाली व्हती, पिशवी भरली व्हती, तो घरीच यायले निघाला व्हता. कुंकवाचं काय करायचं ते तिचं तिनं ठरवावं. त्याच्यात मी तोंड घालनारा कोन? अन् माह्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. बठ्ठं सांगितलं तरी मी नाही म्हननार नाही. पोलिसात जायचं तं तेबी जा. मी इथंच हाये. जाऊन जाऊन जाईन कुठी.

चहा निवला. राहू दे तो. निघ तू, पाच-वीसची गाडी सापडंन, रातच्याले पोचशीन दवाखान्यात. जाय म्हनतो ना. अन् दार ओढून घे — नको. असू दे उघडं.