दासीने उठवलेली वावडी

दातांच्या दवाखान्यात गालात कापसाचा बोळा धरून बसलेल्या शिक्षिकाबाईंना बोलायची बंदी होती, ऐकायची नव्हती. शेजारच्या बाकावर नवराबायकोची जुंपली होती.

“सेनापती पालीला घाबरतो, ही वावडी तूच उठवलीस ना?”

“मी नाही, माझ्या दासीने.”

“दासी म्हणजे तूच की!”

“त्या ऑनलाइन खेळात मी दासी, तुम्ही सेनापती. दासी विहिरीवर कुजबुजली, त्यात माझा काय दोष?”

“अख्खं सैन्य फिदीफिदी हसतंय. उद्या माझं सेनापतिपद जाईल!”

“मग सेनापतीने दरबारात खुलासा करावा. इथे माझं डोकं कशाला खाता?”

“अगं, पण खेळाचा नियम काय? अफवा धादांत खोटी हवी. घरातलं खरं तिथे न्यायचं नाही. परवा पाल दिसली तेव्हा मी खुर्चीवर चढलो होतो, हे तू पाहिलंयस.”

“खुर्ची नव्हे, टेबल.”

“तेच ते! मुकाट्याने दुसरी अफवा सोड. साफ खोटी.”

“सोडली की सकाळीच.”

“कोणती?”

“सेनापती जेवण झाल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलतो, आणि ओटाही पुसतो.”

“मग? सैन्य काय म्हणालं?”

“बायका म्हणाल्या, थापा मारायलाही काही सीमा असते. पुरुष म्हणाले, यापेक्षा पाल परवडली.”

शिक्षिकाबाईंना हसू आवरेना. तोंडातला ओला बोळा सुटला आणि पचकन सेनापतीच्या पायाशी पडला.

सेनापती बाकावर चढला.