खोडरबराची पूजा

दसरा होऊन चार दिवस झाले होते. मेहरूण भागातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दिपमाला प्रिंटर मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या आधी नंबर होता एरंडोलच्या वनाआबांचा, आणि टेबलापलीकडे दुकानदार योगेंद्र.

"भाऊ, चालू करं का नुसतं टूं टूं करस. पडदा काळाच."

"मदरबोर्डला रॅम सापडत नाहीये, आबा. डबा कोणी उघडला होता?"

"कोनीच नही."

"मग रॅमच्या खाचेत हळदकुंकू कसं? आणि हा तांदूळ?"

"…दसराले पूजा करी मी. मन्हा मनमा उनं, डबाना वरना पत्राले कुंकू लाईसन काय उपेग? खरं यंत्र ते आतमा शे."

"असं आहे होय!"

"वहूनं शे ते. लग्नपत्रिका बनाडस तेनावर. बठ्ठं गयं का रे भाऊ?"

"सूनबाईंच्या पत्रिका वेगळ्या डिस्कवर आहेत, काही गेलं नाही. खाच ब्रशने साफ केली, आता रॅमच्या पट्टीवर खोडरबर फिरवतो. हं, दाबा बटण."

"उना! उजेड उना!"

"आबा, फोन वाजतोय तुमचा."

"वहूना शे. भाऊ, तूच बोल."

"हॅलो, ताई? हो, झाला चालू. काही नाही हो, धूळ बसली होती."

"देव तुन्हं भलं करो, भाऊ! आते तो खोडरबर माले दे."

"तो कशाला?"

"पुढला दसराले तेनी पूजा करसू. डबाले हात लावाव नही."

दिपमालाने प्रिंटरचं झाकण हळूच उचललं आणि आतली झेंडूची पाकळी मुठीत लपवली.